परिचय वाचणाऱ्याचं म्हणणं

गेल्या गणेशोत्सवात ग्वाल्हेरात आमच्या लष्कर भागातल्या मंडपात एका २२ वर्षांच्या गायकाचा परिचय वाचायला मला ११ मिनिटं लागली. घड्याळ लावून मोजली. नोकरीची सगळी वर्षं सरकारी हिशेब तपासण्यात गेली, ती खोड निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. त्यानंतर तो मुलगा ३६ मिनिटं गायला. गळा चांगला होता, बागेश्री तर खरंच रंगली. पण ११ मिनिटांत मी लोकांसमोर जो उभा केला होता, त्याच्यापुढे प्रत्यक्ष बसलेला मुलगा लहान दिसायला लागला. तिसऱ्या ओळीतल्या आजी शेजारणीला म्हणाल्या, ‘हाच का तो?’ मला ते माइकपाशी ऐकू आलं.

परिचय दोन दिवस आधी व्हॉट्सअ‍ॅपवर आला होता, मुलाच्या वडिलांकडून. खाली सूचना होती, ‘काका, कृपया पूर्ण वाचावा, काही गाळू नये.’ सुरुवातीला घराण्याची परंपरा, मग शाळेपासूनची बक्षिसं, टीव्हीवरच्या एका स्पर्धेच्या चाचणीत दुसऱ्या फेरीपर्यंतची मजल, कोणकोणत्या मान्यवरांनी पाठीवर हात ठेवला त्यांची नावं, यूट्यूबवरच्या दोन गाण्यांचे व्ह्यूज आणि ‘स्वररत्न’ ही पदवी. ती कुणी दिली, ते लिहिलं नव्हतं. तबल्यावर कोण, पेटीवर कोण, तेही नव्हतं. ती दोन नावं मी मंडपामागे जाऊन विचारून आलो. तबलजी चहा पीत होते. म्हणाले, ‘घेतलं तर घ्या, नाही घेतलं तरी चालतं.’

माझ्याकडे एक जुनी वही आहे. तीसेक वर्षं निवेदन करतो आहे, त्यातले बरेच परिचय तिच्यात चिकटवलेले आहेत. पहिल्या काही पानांवर एक पोस्टकार्ड आहे, १९९३ सालचं. त्यावर गायकाचं नाव, गुरूंचं नाव, आकाशवाणीची श्रेणी बी-हाय, आणि खाली एक ओळ : ‘बाकी गाण्यात कळेल.’ वही पुढे चाळत गेलं की कागद मोठे होत जातात. दोन हजारच्या आसपास टाइप केलेलं अर्धं पान, मग कॉम्प्युटरचं एक पान, मग दोन. आता कागदच येत नाही, फोनवर अंगठ्यानं सरकवत वाचावं लागतं आणि मध्येच कुणाचा तरी कॉल येतो.

ही हकीकत सांगितली की बाडा चौकातल्या आमच्या चहाच्या टोळक्यात सगळे एकसुरात म्हणतात, ‘अहो, ही पिढीच तशी. स्वतःच्या प्रेमात पडलेली.’ माझी पुतणी मानसशास्त्र शिकली आहे, ती याला नार्सिसिझम म्हणते. आपण मीपणा म्हणतो, आत्मप्रौढी म्हणतो, चिडलो असलो तर ‘स्वतःच्याच आरत्या ओवाळतोय’ म्हणतो. समर्थांनी मूर्खांची लक्षणं मोजताना आपली स्तुती आपणच करणारा आणि वडिलांची कीर्ती सांगत फिरणारा, दोघांना एकाच रांगेत बसवलं आहे. म्हणजे आमच्या हातात येणाऱ्या परिचयाचे पहिले दोन परिच्छेद समर्थांनी साडेतीनशे वर्षांपूर्वीच निकालात काढले होते.

पण ‘ही पिढीच तशी’ हे मला पटत नाही. त्यात आपण फार स्वस्तात सुटतो.

नार्सिसस हा ग्रीक कथेतला देखणा तरुण. पाण्यात स्वतःचं प्रतिबिंब बघितलं, आधी ते कुणी दुसरंच आहे असं वाटलं, त्याच्यावर भाळला आणि तिथेच काठावर झुरून संपला. फ्रॉइडनं १९१४ मध्ये या विषयावर मोठा निबंध लिहिला, तेव्हापासून हे नाव घरोघरी झालं. त्याच कथेत आणखी एक पात्र आहे आणि त्याची आठवण फारशी कुणाला नसते. एको नावाची वनदेवता. तिला शाप असा की स्वतःहून एक शब्द बोलता यायचा नाही, समोरच्यानं उच्चारलेलं शेवटचं तेवढं परत म्हणायचं. नार्सिससच्या आयुष्यात माणूस म्हणून जवळ आलेली ती, आणि तिच्याकडून त्याला ऐकू काय आलं, तर त्याचेच शब्द. ग्वाल्हेरच्या आजच्या मैफिलींत मला त्या तरुणापेक्षा एको जास्त दिसते. सतरंजीवर बसलेली, फोन उंच धरलेली, प्रत्येक तानेला ‘क्या बात है’ म्हणणारी. माइकवरून ११ मिनिटं वाचणारा मीही तिच्यातलाच.

कलावंताचा अहंकार या शहराला नवा नाही. उलट, आमचं ग्वाल्हेर गायकीचं घराणंच एका अहंकाराच्या गोष्टीवर वाढलं आहे. लष्करातल्या जुन्या घरांत ही आख्यायिका मुलांना झोपताना सांगायचे. शिंदे दरबारात बडे मोहम्मदखाँ नावाचे मोठे गवई आले. त्यांच्या तानेला तोड नव्हती. दरबारातले हद्दूखाँ आणि हस्सूखाँ हे दोघे तरुण भाऊ त्यांचं गाणं पडद्याआड बसून महिनोन्‌महिने ऐकत राहिले आणि एक दिवस तीच तान दरबारात घेऊन दाखवली. बडे मोहम्मदखाँ संतापले. पुढे एका मैफिलीत त्यांनी हस्सूखाँची ‘कडक बिजली’ची तान ऐकून वाहवा केली आणि म्हणाले, पुन्हा एकदा होऊन जाऊ दे. हस्सूखाँनी पुन्हा घेतली आणि त्यात बरगडी मोडली, तोंडातून रक्त आलं. आजोबा नत्थन पीरबख्श समोर होते. सांगणारे सांगतात, ते म्हणाले, मरायचंच आहे तर तान पुरी करून मर.

खरं किती, खोटं किती, आख्यायिकेला ते विचारू नये. पण तिच्यात अहंकार ठासून भरला आहे. चोरून ऐकणाऱ्या भावांचा, चिडलेल्या खाँसाहेबांचा, आजोबांचा तर सगळ्यात भयंकर. मात्र एक गोष्ट बघा. त्यात कुणीही फसलं नाही. बडे मोहम्मदखाँना आपली तान पहिल्याच वेळी ओळखू आली. दरबारात बसलेल्यांना कळलं की आज काही तरी वेगळं झालं. पुन्हा घे, असं म्हणणारा माणूसही ती तान किती जीवघेणी आहे हे जाणून होता. म्हणजे त्या ‘वाहवा’च्या पोटात विष होतं, पण ते कानाचं विष होतं. आज कुणी एखाद्याला तान पुन्हा घ्यायला लावत नाही, मारायलाही नाही. (तेवढं ऐकतो कोण?)

हद्दूखाँचे चिरंजीव रहिमतखाँ हे दुसऱ्या टोकाचं उदाहरण. मनानं बिघडलेले, अफूच्या नशेत, कुठे कुठे भटकत राहिलेले. त्यांना सांभाळलं विष्णुपंत छत्र्यांनी. हे छत्रे ग्वाल्हेरला हद्दूखाँकडे गाणं शिकले होते, घोडेस्वारीतही तरबेज होते आणि पुढे त्यांनी सर्कस काढली. म्हणून रहिमतखाँ सर्कशीबरोबर गावोगाव फिरले आणि गायले. या माणसाला प्रसिद्धी हवी होती असं म्हणायला काहीही आधार नाही, त्याला आपण कुठे आहोत याचाच कधी कधी पत्ता नसे. तरी लोक त्याला भू-गंधर्व म्हणायला लागले. तो किताब कानांनी दिलेला होता.

आता उलट बाजूही मांडायला हवी, नाही तर माझं म्हणणं म्हाताऱ्याची कुरकुर होईल. नाव हवंसं वाटणं हा मुळात रोग नाही. अनेकदा ती न्यायाची मागणी असते. १९०२ मध्ये कलकत्त्याला गौहरजाननं तबकड्यांवर गाणी दिली आणि गाणं संपताच इंग्रजीत स्वतःचं नाव मोठ्यानं सांगितलं. पुढे कित्येकांनी तिचं अनुकरण केलं. आज ऐकताना गंमत वाटते, कुणाला गर्वही वाटेल. पण तबकड्या दाबल्या जायच्या जर्मनीत, तिथल्या कारागिरांना कुठला ठसा कोणाचा हे कळावं म्हणून ते नाव लागायचं. एका बाईनं आपल्या कामावर आपलं नाव स्वतःच्या आवाजात घातलं, मला तर ते फार आवडतं. १९४९ सालच्या एका गाजलेल्या सिनेगीताच्या तबकडीवर गायिकेच्या नावाच्या जागी पडद्यावरच्या पात्राचं नाव छापलं होतं. गायिका होती आमच्या शेजारच्या इंदूरला जन्मलेली लता मंगेशकर. पार्श्वगायकांची नावं लागावीत, त्यांना वेगळा पुरस्कार असावा, यासाठी तिनं नंतर जो हट्ट धरला त्याला कुणी आत्मप्रौढी म्हणेल काय?

आणि विष्णु दिगंबर पलुस्कर. आमच्याच गायकीचा धागा त्यांच्यापर्यंत पोचतो : हस्सूखाँ, त्यांचे शिष्य वासुदेवबुवा जोशी, त्यांचे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर आणि बुवांचे विष्णु दिगंबर. मिरजेत असताना एका समारंभाचं आमंत्रण त्यांना आलं, गुरूंना आलं नाही. का, तर ते ‘गवई’ पडले. असं सांगतात की ही गोष्ट त्यांच्या जिव्हारी लागली. १८९६ मध्ये ते बाहेर पडले. तिकीट लावून जलसे केले, जाहिराती केल्या, १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यांच्याइतकी प्रसिद्धीची हातोटी त्या काळच्या गवयांत कुणाला नसेल. पण ती सगळी प्रसिद्धी गवई या शब्दाच्या खात्यात जमा झाली. इकडे ग्वाल्हेरला कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ मध्ये विद्यालय काढलं तेव्हा त्यांनी विशी जेमतेम ओलांडली होती. पुढे पाटीवर नाव लागलं ते वडिलांचं.

म्हणून माझा प्रश्न ‘नाव हवं का’ हा नाही. ते नाव कुणी आणि कशावरून द्यायचं, तिथे माझा अडतो.

पुतणीनं मला एका अमेरिकी अभ्यासाविषयी सांगितलं आणि तेव्हापासून तो डोक्यातून जात नाही. २००६ साली मार्क यंग आणि ड्रू पिन्स्की या दोघांनी तो प्रसिद्ध केला. पिन्स्की रेडिओवर कार्यक्रम करायचे, तिथे येणाऱ्या २०० नामांकित पाहुण्यांकडून त्यांनी एक प्रश्नावली भरून घेतली. ४० जोड्या विधानांची, दोनांपैकी आपल्याला लागू पडेल त्यावर खूण करायची. या प्रश्नावलीची सुरुवात १९७९ मध्ये झाली आणि मीपणा मोजायला ती सर्रास वापरतात. निघालं असं की प्रसिद्ध मंडळी सामान्य माणसापेक्षा जास्त आत्मप्रेमी. यात कसलं आश्चर्य! पण पुढचं बघा. त्यांच्यातही सर्वांत वर होते रिअ‍ॅलिटी शोमधून नावारूपाला आलेले, आणि सर्वांत खाली होते संगीतवाले. शिवाय या धंद्यात किती वर्षं काढली याचा त्या आकड्याशी काही संबंध सापडला नाही. म्हणजे प्रसिद्धी मिळाली आणि मग माणूस बिघडला, असं दिसत नाही. ज्याच्या अंगात ते आधीच होतं तो तिकडे ओढला गेला, असा अर्थ अभ्यासकांनी लावला.

अमेरिकेतले २०० लोक म्हणजे जग नव्हे, एका रेडिओ कार्यक्रमाला येणारे तर नव्हेच. तरी हिशेबनीस म्हणून मला त्यात एक उघड गोष्ट दिसते. प्रसिद्धी माणसाला बनवत नसेल आणि फक्त निवडत असेल, तर सगळा प्रश्न चाळणीचा आहे. रिअ‍ॅलिटी शोची चाळणी दिसण्याची आहे. कॅमेऱ्यासमोर रडता येतं का, भांडता येतं का, लक्षात राहता येतं का. त्या चाळणीवर जो उरतो तो स्वतःवर मनसोक्त खूश असणारच, नसता तर आधीच गळला असता. संगीताची चाळणी वेगळी. पहाटे उठून दहा वर्षं खर्ज लावायचा, तोही न लागता. बेसूर लागलेला सा तुमच्या कौतुकानं सुरात येत नाही. ज्याला रोज आरशात देव दिसायला हवा, त्याला हे सोसत नाही, तो दुसऱ्या वर्षी क्लास सोडतो. वाद्याचं तर विचारूच नका. सतारीची तार बोट कापते, तिला तुमचं नाव माहीत नसतं. म्हणून संगीतवाले खालच्या क्रमांकावर आले असावेत. ते जन्मानं नम्र असतात असं मुळीच नाही (तीस वर्षं मंडपामागे काढलेल्या माणसानं हे सांगावं लागू नये!), पण वर्षानुवर्षं काही तरी त्यांना ऐकून घ्यावं लागतं.

माझी भीती अशी की ही चाळणी आपण बदलतो आहोत आणि बदलणारे कलाकार नाहीत, आपण आहोत.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो, स्वतःवरची. आमच्या समितीपुढे दोन नावं होती. एक याच शहरातली चाळिशीची गायिका, आकाशवाणीची ए श्रेणी, घरी पंधरावीस मुलींना शिकवते. ग्वाल्हेरची रीत जाणणारी, म्हणजे स्थायी-अंतरा (बंदिशीचे दोन्ही भाग) पुरा भरून मांडणारी, बंदिशीला मान देणारी. दुसरा बाहेरगावचा तरुण. खजिनदारांनी फोन काढला आणि विचारलं, ‘फॉलोअर्स किती?’ तिचे काही शे, त्याचे लाखाच्या वर. जाहिरात देणाऱ्या दुकानदारानं आधीच कानावर घातलं होतं की फ्लेक्सवर चेहरा ओळखीचा पाहिजे. मत घेतलं. मी हात वर केला, त्या तरुणासाठी. कारण? मंडप भरेल. मंडप भरलाही. पुढच्या वर्षी त्या बाईंच्या दोन विद्यार्थिनींनी क्लास चालू ठेवून रील करायला सुरुवात केली. त्यातल्या एकीची आई मला रस्त्यात भेटली, म्हणाली, ‘काका, ताई चांगल्या शिकवतात हो, पण त्यांनाच कुणी बोलवत नाही, तर आमच्या मुलीला कोण बोलवणार?’

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. ती आई आत्मप्रेमी नाही, तिची मुलगीही नाही. ती बाजार वाचते आहे आणि बरोबर वाचते आहे. १९४८ मध्ये शिंद्यांचं राज्य मध्य भारतात विलीन झालं, दरबारचा आधार गेला. मग आकाशवाणीनं काही दशकं सांभाळलं. बी, बी-हाय, ए, टॉप अशी श्रेणी म्हणजे निदान जाणकारांनी ऐकून दिलेला शिक्का होता. आता तो शिक्का कुणी विचारत नाही. ज्याचं पोट मैफिलीवर आहे तो प्रसिद्धीच्या मागे धावला, तर त्याला मानसशास्त्रातलं नाव चिकटवण्याआधी आपण त्याला धावायला का लावलं हे पाहावं.

रीलविषयी थोडं बोललंच पाहिजे. २०२० च्या जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैत इन्स्टाग्रामचे रील्स आपल्याकडे सुरू झाले. सुरुवातीला १५ सेकंद, मग वाढत गेले. मला त्यांचा राग नाही, माझा नातू त्यातून तबल्याचे कायदे शिकतो, चांगले शिकतो. पण आमच्या गायकीला अष्टांग म्हणतात. आठ अंगांनी राग उभा करायचा. तेवढ्या वेळात आठ अंगं कुठून बसणार? त्यातलं एकच सुटं काढून दाखवता येतं आणि ते म्हणजे तान. तिलवाडा तालातला संथ, विलंबित ख्याल रीलमध्ये घातला तर पहिली सम (तालाची पहिली मात्रा) यायच्या आत बघणारा पुढे सरकलेला असतो. म्हणून मुलं आधी तान शिकतात. मी एका नऊ वर्षांच्या मुलीला ऐकलं, तान अशी की मोठ्यांनी तोंडात बोट घालावं. ‘आता याची स्थायी म्हण बाळा,’ म्हटलं तर ती वडिलांकडे बघायला लागली. तिला स्थायी येत नव्हती. हस्सूखाँची बरगडी मोडली ती तानेत, पण त्या तानेखाली काही होतं.

शहरालाही हाच आजार जडला आहे असं मला कधी कधी वाटतं. ३१ ऑक्टोबर २०२३ ला युनेस्कोनं ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हणून यादीत घेतलं. आनंद झाला, खोटं का बोलू, मी पेढे वाटले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला किल्ल्यावर कर्ण महालापाशी १,२८२ तबलावादकांनी एकत्र तबला वाजवला आणि गिनीजचा विक्रम झाला. पुढच्या वर्षी तानसेन समारोहाचं शंभरावं वर्ष, तेव्हा ५४६ कलाकारांनी नऊ वाद्यांवर आणखी एक विक्रम केला. बातम्यांमध्ये आकडे आले. वाजवलं काय, कसं झालं, ते फारसं कुठे आलं नाही. शहरालाही आपले फॉलोअर्स मोजावेसे वाटतात.

पण इथे माझा एक समज खोटा ठरला, तोही लिहितो. आमच्या गल्लीतला एक मुलगा त्या १,२८२ मध्ये होता. मी त्याला थोडं खवचटपणे विचारलं, ‘काय रे, एवढ्या गर्दीत तुझं काय वाजलं?’ तो म्हणाला, ‘काका, माझं काहीच ऐकू येत नव्हतं. मी जरा पुढे गेलो तर सगळ्यांचं बिघडेल एवढीच भीती होती. हात आपोआप बाकीच्यांबरोबर पडत होता.’ असं म्हणताना तो खूश होता. एकट्यानं वाजवल्यावर त्याला एवढं खूश मी पाहिलेलं नाही. विक्रमाच्या कागदावर शहराचा गर्व लिहिला गेला आणि तो करणाऱ्या पोरांना, निदान या एकाला, काही मिनिटं स्वतःचा विसर पडला. मला हे दोन्ही एकत्र कुठे ठेवावं ते कळत नाही.

तानसेनच्या समाधीकडे, हजीऱ्याला, वर्षातून एकदा तरी जातो. बाहेरच्यांना घेऊन गेलं की ते आधी चुकतात. भव्य घुमट आणि दगडी जाळ्या बघून हात जोडतात. ती तानसेनची नसते, ती सूफी संत मोहम्मद गौसांची. तानसेनांची कबर बाजूला, खांबांच्या छोट्या चबुतऱ्यावर. शेजारी चिंचेचं झाड. त्याची पानं खाल्ली की गळा गोड होतो म्हणून लोकांनी ते ओरबाडून ओरबाडून बोडकं केलं. (पानं खाऊन गळा येत असता तर ग्वाल्हेरच्या शेळ्या पहिल्या आल्या असत्या.) समारोहाच्या सुरुवातीला सकाळी इथे सनई वाजते, ढोलीबुवा महाराजांच्या परंपरेतली हरिकथा होते, मिलाद (पैगंबरांच्या स्तुतीचं गायन) होतो. तिथे कुणाचा परिचय वाचत नाहीत. संध्याकाळी मोठा मंच लागतो तेव्हा परिचय सुरू होतात, हिंदीत, आणि माझ्यापेक्षाही लांब.

आमच्या लष्करातल्या जुन्या बैठकींत एक आजोबा असायचे. पुढच्या खांबाला टेकून बसायचे. गाणं आवडलं नाही तर काही बोलायचे नाहीत, फक्त चष्मा काढून पुसायला लागायचे. मोठमोठ्या गायकांची नजर त्या चष्म्याकडे जायची हे मी पाहिलं आहे. एकदा मध्यंतरानंतर एका गायकानं त्यांना थेट विचारलं, ‘काय चुकलं?’ ते म्हणाले, ‘चुकलं नाही. घाई केलीत.’ गायकानं तोच राग पुन्हा घेतला. असा श्रोता आज आला तर त्याला कार्यकर्ते विचारतील, तुम्ही कोणाच्या तर्फे? आपण सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवायची सवय लावून घेतली आहे. बरं झालं तरी उभे, बरं नाही झालं तरी उभे. त्या टाळ्यांमधून कलाकाराला आपलंच नाव परत ऐकू येतं, दुसरं काहीच येत नाही. मग त्यानं पाण्याकाठी बसून राहू नये तर काय करावं?

त्यात शाल-श्रीफळ. कार्यक्रम दोन तासांचा, सत्कार चाळीस मिनिटांचे. कलाकाराचा, त्याच्या गुरूंचा, वडिलांचा, जाहिरातदाराचा, जाहिरातदाराच्या सूनबाईंचा. एका वर्षी तबलजींचा सत्कार राहिला, कारण शाली संपल्या.

यंदाच्या बैठकीत मी तीन गोष्टी मांडणार आहे. परिचय चार ओळींचा, आणि तो मी लिहीन, कलाकाराच्या घरचे नाहीत. साथीदारांची नावं मुख्य कलाकाराच्या आधी घ्यायची. आणि कलाकार निवडताना समितीतल्या प्रत्येकानं त्याचं निदान अर्धा तास सलग ऐकलेलं असलं पाहिजे, फोन उलटा ठेवून. ज्यानं ऐकलं नाही त्यानं मत देऊ नये. पहिली दोन मंजूर होतील असं वाटतं, तिसऱ्यावर खडाजंगी होणार, कारण मग समितीतले निम्मे लोक मतदानातून बाद होतील. मीही कदाचित.

सत्कार बंद करावेत असं चौथं कलम मी लिहून ठेवलं होतं. परवा खजिनदारांना फोनवर सांगितलं तर ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘अहो, पण दौलतगंजातून शाली आणल्यात, घाऊक भावात. गेल्या वर्षीच्या अकरा अजून कपाटात आहेत, त्यांचं काय करायचं?’